चार सिलेंडरचं व्हीव्हीटी पेट्रोल इंजिन: सारखे विचारले जाणारे प्रश्न

स्विफ्ट, डिझायर, बलेनो, सिटी, आय२०, वेर्ना, गाडी कुठलीही असू दे, पेट्रोलवाल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच सगळे इथे मांडलेत. जिथे उत्तर आधीच दिलंय तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. व्हीव्हीटी म्हणजे नक्की काय? माझ्या गाडीत आहे का ते कसं कळणार?

व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग. प्रत्येक सिलेंडरला हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह आणि जळालेला गॅस बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात, चार सिलेंडरचे मिळून बहुतेक गाड्यांत १६. हे उघडायचं काम कॅमशाफ्टचं (उंचवटे असलेला फिरता दांडा) आणि कॅमशाफ्ट चेनने किंवा बेल्टने क्रँकला (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) जोडलेला, त्यामुळे साध्या इंजिनात कुठला व्हॉल्व्ह कधी उघडणार हे फॅक्टरीत एकदा ठरलं की ठरलं. व्हीव्हीटीमध्ये इंजिन चालू असतानाच कॅमशाफ्ट थोडा पुढे किंवा मागे सरकवता येतो. एवढंच, पण याच "एवढ्या"वर बरंच अवलंबून आहे.

नावं कंपनीप्रमाणे बदलतात. मारुती व्हीव्हीटी म्हणते, ह्युंदाई व्हीटीव्हीटी, टोयोटा व्हीव्हीटी-आय, फोर्ड टीआय-व्हीसीटी, बीएमडब्ल्यू व्हॅनोस. आपल्याकडच्या स्विफ्टला हे २०११ च्या मॉडेलपासून आलं. त्याआधी २००९ च्या रिट्झमध्ये तेच ११९७ सीसीचं के-सीरिज इंजिन व्हीव्हीटीशिवाय होतं. रिट्झ ८५ पीएस आणि स्विफ्ट ८७ पीएस, म्हणजे कागदावर फरक फारसा दिसत नाही. खरा फायदा मधल्या आरपीएमला आणि मायलेजला असतो, ते पुढच्या उत्तरात बघा.

२. पण व्हॉल्व्हची वेळ बदलून मिळतं काय? एकच वेळ ठेवली तर काय बिघडतं?

८०० आरपीएमला आयडलिंग करताना एक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसहा-सात वेळा उघडतो आणि ६००० ला सेकंदाला ५० वेळा. मधला वेळ इतका कमी होतो की हवेला आत यायला सवडच मिळत नाही.

हवेला वजन आहे, एकदा वेग पकडला की ती लगेच थांबत नाही. लोकल सुटली तरी प्लॅटफॉर्मवर पळत येणारे लोक चढत राहतात ना, तसंच पिस्टन खालून परत वर यायला लागला तरी हायस्पीडला हवा आत घुसतच असते. म्हणून हायस्पीडला इनटेक उशिरा बंद झालेला चांगला. पण तोच उशीर कमी आरपीएमला ठेवला तर पिस्टन आलेली हवा परत बाहेर ढकलतो आणि टॉर्क (ओढ) जातो.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट बंद व्हायच्या आधीच इनटेक उघडतो तो काळ. आयडलला ओव्हरलॅप जास्त झाला की जळका गॅस मागे इनटेकमध्ये येतो आणि गाडी अडखळते-थरथरते. पण हायवेवर निम्म्या एक्सलेटरवर चालताना थोडा ओव्हरलॅप मुद्दाम हवा असतो, थोडा जळका गॅस सिलेंडरमध्ये राहिला की पिस्टनला व्हॅक्यूमविरुद्ध कमी ओढावं लागतं, पेट्रोल वाचतं आणि नायट्रोजन ऑक्साइडही कमी होतात. थोडक्यात, आयडल, घाट आणि हायवे तिघांना वेगवेगळी वेळ पाहिजे. साधं इंजिन यात तडजोड करतं, व्हीव्हीटीला ती करायला लागत नाही.

३. कॅमशाफ्ट हलवतो कोण? मोटर असते का?

बहुतेक गाड्यांत मोटर नसते, तुमचं इंजिन ऑइलच ते काम करतं. हे नीट समजून घ्या, कारण पुढचे निम्मे प्रश्न इथूनच निघतात.

कॅमशाफ्टच्या टोकाला जो स्प्रॉकेट (दातेरी चाक) असतो त्याच्या आत पोकळी आणि पाती असतात, याला फेझर किंवा व्हीव्हीटी गिअर म्हणतात. पात्याच्या एका बाजूला ऑइलचं प्रेशर दिलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला दिलं की मागे. कुठल्या बाजूला किती ऑइल सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो, गॅरेजात याला ओसीव्ही किंवा व्हीव्हीटी सोलेनॉइड म्हणतात. त्याला करंट देतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर दोघांकडून माहिती घेऊन ईसीएम सतत बघत राहतो की कॅम सांगितलेल्या जागी पोचला का.

इंजिन बंद करताना फेझर ठरलेल्या जागी येतो आणि आतली लॉक पिन बसते, कारण परत स्टार्ट करताना पहिले काही क्षण ऑइल प्रेशरच नसतं. ही पिन लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये लागेल.

४. व्हीटेक आणि व्हीव्हीटी एकच ना?

नाही, आणि यावरून लोकांची उगाच भांडणं होतात. व्हीव्हीटी व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते बदलतं. होंडाचं मूळ व्हीटेक व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा ते बदलतं. कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे कॅम असतात, शांत चालवताना छोटा काम करतो, आरपीएम आणि लोड वाढला की ऑइल प्रेशरने एक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि मोठा कॅम ताबा घेतो.

इतिहास बघितला तर टायमिंग बदलणारी यंत्रणा आधी आली, १९८० मध्ये अल्फा रोमिओने स्पायडरमध्ये दिली होती. व्हीटेक आलं १९८९ ला होंडा इंटिग्रात, १.६ लिटर इंजिनातून १६० पीएस, म्हणजे टर्बोशिवाय लिटरमागे १०० पीएस, त्या काळी रोजच्या वापराच्या गाडीसाठी ही फार मोठी गोष्ट होती आणि आजही मला त्या इंजिनबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता गुंता इथे आहे: आपल्याकडे २००८ ला आलेल्या सिटीवर "आय-व्हीटेक" लिहिलंय, १४९७ सीसी, ११८ पीएस, पण ते सिंगल कॅमचं इंजिन आहे, त्यात लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) बदलते, कॅम पुढे-मागे सरकवणारा फेझर नाही. २०२० च्या सिटीत दोन कॅमचं इंजिन आलं, १२१ पीएस, त्यात व्हीटीसी नावाने फेझरही आहे. म्हणजे बॅज एकच पण आतलं यंत्र वेगळं. पार्ट मागवताना गाडीचं वर्ष आणि चेसिस नंबर देऊनच मागवा.

५. ड्युअल व्हीव्हीटी म्हणजे दुप्पट पॉवर का?

नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमला फेझर, एवढाच अर्थ. मारुतीच्या के१२एन ड्युअलजेटमध्ये हे आहे, २०२० च्या डिझायरमध्ये आलं, ९० पीएस. त्याआधीच्या डिझायरमधलं के१२एम इंजिन ८३ पीएस होतं. टॉर्क दोघांचा ११३ एनएमच. ओव्हरलॅप दोन्ही बाजूंनी हाताळता येतो म्हणून मायलेज आणि प्रदूषणात जास्त फायदा. "ड्युअलजेट" हा वेगळा भाग आहे, त्याचा अर्थ एका सिलेंडरला दोन इंजेक्टर, त्याचा व्हॉल्व्हशी संबंध नाही.

६. व्हीव्हीटी असूनही घाटात गाडी ओढत नाही. काही बिघाड आहे का?

बहुतेक वेळा बिघाड नसतो, गिअर चुकलेला असतो. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, आणि खंबाटकी किंवा आंबोली चढताना तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर एक्सलेटर पूर्ण दाबलेला. के१२एमचा पूर्ण टॉर्क ४२०० आरपीएमला आहे, सिटीच्या १.५ चा त्याच्याही वर. व्हीव्हीटीने खालचा टॉर्क सुधारतो पण १२०० सीसीचं इंजिन टर्बो होत नाही.

दुसरा गिअर टाका, आरपीएम ३००० ते ४००० मध्ये ठेवा, आवाज येऊ दे. आवाज आला म्हणजे इंजिन खराब होतंय असं वाटून लोक वरचा गिअर टाकतात आणि तिथेच खरा त्रास सुरू होतो, कमी आरपीएमवर जास्त लोड दिला की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारा खडखडाट) होतं, ईसीएम इग्निशन मागे घेतो म्हणजे ठिणगी उशिरा देतो आणि पॉवर अजून पडते. डिझेल सोडून पेट्रोलवर आलेल्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

योग्य गिअरमध्येही दम नसेल, सपाटीवर ३००० च्या वर गाडी अडखळत असेल, तर मग प्रश्न ८.

७. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केलं की एक-दोन सेकंद खरखर येते आणि बंद होते. काळजीचं आहे का?

रात्रभरात फेझरमधलं ऑइल खाली उतरतं. लॉक पिन नीट बसली असेल तर काही होत नाही. पिन झिजली असेल किंवा बसलीच नसेल तर प्रेशर येईपर्यंत पाती आतल्या आत आपटतात, तोच आवाज. चेनचा टेन्शनरही ऑइल प्रेशरवर चालतो, त्यामुळे ढिली चेनसुद्धा असाच आवाज करते.

आधी डिपस्टिक बघा. लेव्हल कमी असेल किंवा ऑइलची मुदत उलटून गेली असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून पंधरा दिवस ऐका. चांगला फिल्टर रात्रभर ऑइल धरून ठेवतो, स्वस्तातल्या फिल्टरचा आतला व्हॉल्व्ह ते धरत नाही, कित्येकदा आवाजाचं कारण तेवढंच निघतं. त्यानंतरही आवाज राहिला, किंवा दोन सेकंदांचे पाच झाले, किंवा गरम इंजिनलाही येऊ लागला, तर थांबू नका, कव्हर उघडून चेन आणि फेझर बघायची वेळ आली.

८. चेक इंजिन लाइट लागली, स्कॅनरवर पी००११ आलं. मेकॅनिक म्हणतो पूर्ण टायमिंग किट बदला. बदलू का?

लगेच नाही. पी००११ चा अर्थ इनटेक कॅम सांगितल्यापेक्षा जास्त पुढे आहे. पी००१२ म्हणजे जास्त मागे राहिलाय. पी००१० म्हणजे सोलेनॉइडच्या सर्किटचा दोष. एक्झॉस्टच्या बाजूला पी००१४. कोड फक्त "कॅम जागेवर नाही" एवढं सांगतो, का नाही ते शोधायचं काम माणसाचं.

स्वस्तातून महागाकडे जा. पहिलं ऑइल, लेव्हल आणि शेवटचं कधी बदललं ते. दुसरं ओसीव्हीचा कनेक्टर आणि वायर, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायर कुरतडतात, पी००१० चं हे अगदी नेहमीचं कारण. तिसरं ओसीव्ही स्वतः, एका बोल्टवर बसलेला असतो, काढून जाळीत काळा चिखल अडकलाय का बघा, साफ करा, क्षणभर १२ व्होल्ट देऊन आतला स्पूल सरकतो का बघा. सरकत नसेल तर नवीन घाला. चौथं कॅम सेन्सर. हे सगळं बरोबर निघालं तरच फेझर आणि चेन.

ओसीव्ही आणि पूर्ण टायमिंग किटच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, लेबरसकट. तुमचा मेकॅनिक प्रामाणिक असेलही, पण "आधी ओसीव्ही काढून दाखवा" एवढं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

९. कुठलं ऑइल टाकू? आमच्याकडे उन्हाळा ४५ डिग्रीचा, मग जाड ऑइल बरं ना?

विदर्भ-मराठवाड्यातून हा प्रश्न दर एप्रिलला येतो आणि शंका रास्त आहे. पण बाहेर ४५ असो की २५, थर्मोस्टॅट इंजिनचं कूलंट ९० च्या आसपास धरून ठेवतो, ऑइलला मिळणारी गर्मी मुख्यतः इंजिनची असते. व्हीव्हीटीच्या वाटा बारीक असतात आणि ईसीएमचा हिशोब ठरलेल्या ग्रेडवर बसवलेला असतो. २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल घातलं की थंड इंजिनला फेझर उशिरा हलतो आणि मग विनाकारण प्रश्न ८ मधले कोड यायला लागतात.

गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच. जुन्या के-सीरिजला ५डब्ल्यू-३० चालत आलंय, नवीन गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ पण लिहिलेलं असतं. पुस्तकात दोन-तीन ग्रेडचा तक्ता असेल तर त्यातला जाड घ्यायला हरकत नाही, तक्त्याच्या बाहेर जाऊ नका.

आणि मुदत. १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. वर्षाला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ऑइल लोक तीन-तीन वर्षं ठेवतात, "अजून १०,००० झाले कुठे". रोज दोन किलोमीटर शाळा-बाजार करणारी गाडी पूर्ण गरमच होत नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरत राहतं, चिखल धरतो, तो थेट ओसीव्हीच्या जाळीत जातो. अशी गाडी असेल तर सहा महिन्यांनी ऑइल बदला. या इंजिनांत ऑइल साधारण ३-४ लिटरच लागतं, तेवढा खर्च खरंच करा, कळकळीने सांगतोय.

१०. ऑइल वेळेवर बदललेलं नाही, चिखल झालाय. फ्लश मारू का?

थोडासा तपकिरी थर असेल तर फ्लशच्या, म्हणजे चिखल सोडवणाऱ्या लिक्विडच्या, भानगडीत न पडता चांगलं ऑइल घालून २,००० किलोमीटरवर परत बदला, असं दोनदा करा. कॅपखाली डांबरासारखा थर असेल तर फ्लश मारू नका, सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर इंजिनलाच ऑइल मिळणार नाही. तिथे चेंबर खोलून हाताने साफ करणं हाच मार्ग.

११. टायमिंग चेन किती किलोमीटरला बदलायची?

बेल्टसारखा ठरलेला आकडा चेनला नसतो. ऑइल चांगलं तर चेन इंजिनभर चालते. आवाज (प्रश्न ७) किंवा कोड (प्रश्न ८ आणि १४) आला की तपासायची. बदलताना चेन, टेन्शनर आणि गाइड एकत्र बदला, अर्धं काम नको.

१२. सीएनजी बसवलं तर व्हीव्हीटी काम करतं का? ई२० ने खराब होतं का?

सीएनजीवरही व्हीव्हीटी चालतंच. पॉवर कमी होते त्याचं कारण वेगळं, इंजिनच्या सिलेंडरमधली हवेची जागा गॅस खातो. के१२एन पेट्रोलवर ९० पीएस, कंपनीच्या सीएनजी गाडीत गॅसवर साधारण ७७. बाहेरून किट बसवणार असाल तर टॅपेटकडे लक्ष ठेवा, प्रश्न १३.

ई२० चा व्हीव्हीटीशी थेट संबंध नाही. आपल्याच साखर कारखान्यांतून जाणारं इथेनॉल आहे ते, लिटरमागे त्यात पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की हिशोबाने ६-७ टक्के ऊर्जा कमी. मायलेज थोडं पडलं म्हणून ओसीव्ही बदलत बसू नका. जुन्या गाडीत रबरी पाइप, सील आणि फ्युएल पंप यांच्यावर लक्ष द्या.

१३. व्हीव्हीटी इंजिनला टॅपेट सेटिंग लागतं का?

व्हीव्हीटी वेळ बघतं, टॅपेटची फट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट, वेगळी गोष्ट आहे, म्हणून हो, जिथे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत तिथे लागतं. सिंगल कॅमच्या सिटीत स्क्रूने सेटिंग होतं. काही इंजिनांत योग्य जाडीचा टॅपेटच बदलावा लागतो, ते काम महाग आणि वेळखाऊ. नेहमी थंड इंजिनवर. एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: फट वाढली की टकटक ऐकू येते, पण फट कमी झाली तर आवाजच येत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यामुळे जळतो. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट झिजून नेमकं हेच होतं, म्हणून "आवाज नाही म्हणजे ठीक" असं धरू नका.

१४. चेनचं काम करून आणलं आणि आता पी००१६ येतोय. नवीन चेनच खराब का?

पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा एकमेकांशी मेळ बसत नाही. काम केल्या केल्या आला तर पहिला संशय मार्क एका दाताने चुकल्याचा. दुसरा, फेझर लॉक नसताना मार्क जुळवले, मग मार्क दिसायला बरोबर पण कॅम मुळात सरकलेला. परत उघडायला सांगा आणि तोपर्यंत गाडी पळवू नका, मोठी चूक असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. काम न करताच हा कोड आला असेल तर चेन ताणल्याची शक्यता जास्त.

१५. २०२४ च्या स्विफ्टला तीनच सिलेंडर आहेत. चार सिलेंडरवाली जुनी घ्यावी का?

चार सिलेंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये २४० अंशांना, त्यामुळे आयडलला आणि कमी आरपीएमला चार सिलेंडर मऊ लागतं. नवीन झेड१२ई ८२ पीएस आहे आणि मायलेज २४.८, आधीच्या के१२एनचं मॅन्युअलला कंपनीचा आकडा २२.३८. शहरात रोजचं जास्त रनिंग असेल तर तीन सिलेंडरला नावं ठेवू नका. मला विचाराल तर हायवेचं रनिंग आणि ओढ आवडणाऱ्याने के१२एन शोधावी, ते इंजिन बलेनोत पुढेही चालू राहिलं.

सेकंड हँड घेताना मालकाला सांगा गाडी आधी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे का बघा, मग स्वतः स्टार्ट करून ऐका. ऑइल कॅप उघडून आत बघा. सर्व्हिसच्या पावत्यांवर किलोमीटर नाही, तारखा बघा. स्वतःचा ओबीडी स्कॅनर असेल तर कोड नुकतेच उडवलेत का तेही कळतं.

१६. हायब्रिड सिटीचं इंजिन १.५ चंच, मग फक्त ९८ पीएस कसं? व्हीव्हीटीने तर पॉवर वाढते ना?

इथे व्हॉल्व्हची वेळ पॉवरसाठी नाही, पेट्रोल वाचवण्यासाठी वापरली आहे. इनटेक मुद्दाम खूप उशिरा बंद करतात, थोडी हवा परत बाहेर जाते, दाबायला कमी आणि फैलावायला जास्त, यालाच अॅटकिन्सन सायकल म्हणतात. प्रश्न २ मध्ये जो तोटा सांगितला तोच इथे मुद्दाम पत्करलाय, कारण खालचा टॉर्क इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. दोघांचे मिळून १२६ पीएस होतात. टोयोटाच्या प्रियसमध्ये १९९७ पासून हीच पद्धत आहे.

१७. प्रवासात ओसीव्ही बिघडला तर त्याचं सॉकेट (वायरचा कनेक्टर) काढून घरी जाता येईल का?

फेझर लॉक होत असेल तर हो. सॉकेट काढलं की लाइट लागेल, पी००१० येईल, इंजिन साध्या इंजिनसारखं चालेल, मायलेज आणि दम कमी. आरामात जा, ३००० च्या वर नेऊ नका. पण कॅम पुढे सरकलेल्या जागीच अडकला असेल तर सॉकेट काढून काही होणार नाही, आयडलला गाडी बंद पडत राहील, घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये ते धोक्याचं, अशा वेळी टोइंग बोलवा. आणि ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर एक किलोमीटरही नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद.